औषधाच्या बाटलीमागील विद्या

काशीस पंचगंगा घाटाच्या दक्षिणेस लागूनच बालाजी घाट आहे. त्यावरील बालाजीचे मंदिर पेशव्यांच्या काळाशी निगडित असून, याच मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईची साधना केली. थोडे पुढे भोसले घाट लागतो. मराठी वाचकास हा परिसर परका वाटू नये. परंतु येथून नावेने प्रवाहाच्या उलट अस्सीपर्यंत जाऊन पुढे काही अंतर चालले, की जे हिंदू विश्वविद्यालय लागते, तेथे १९३२ साली घडलेली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. गावोगावच्या दुकानात चिठ्ठी वाचून औषध देणारा जो मनुष्य, त्याच्या विद्यापीठीय शिक्षणाचा आपल्या देशातील आरंभ तेथे झाला.

त्यापूर्वी हे काम कंपाउंडर करीत असे. तो डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून शिके. हात सराईत होई. परंतु दोन द्रव्ये एकत्र येताच काय होते, हे केवळ पाहून कळत नाही. पूर्वी पुष्टिवर्धक म्हणून कुचल्याचे सत्त्व, म्हणजे स्ट्रिक्नीन, अत्यल्प प्रमाणात देत असत. त्याच बाटलीत पोटॅशियम ब्रोमाइड मिसळले, तर स्ट्रिक्नीनचा ब्रोमाइड क्षार तयार होतो. तो पाण्यात कमी विरघळतो व त्याचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. रोगी रोज एकेक मात्रा घेतो, त्यास काही होत नाही. शेवटच्या मात्रेत मात्र साऱ्या बाटलीतील विष एकदम पोटात जाते. चिठ्ठी बरोबर, वजन बरोबर, आणि तरीही मृत्यू. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे, आणि ते सांगण्यासारखेच आहे.

बाजारातील औषधांची स्थिती त्याहून वाईट होती. क्विनीनसारख्या औषधातही भेसळ होत असे आणि तीस आळा घालणारा देशव्यापी कायदा नव्हता. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. औषधांच्या शुद्धतेसाठी कायदा व्हावा, तसेच औषधे तयार करणाऱ्यांच्या शिक्षणाचीही नीट व्यवस्था व्हावी, असा तिच्या अहवालाचा रोख होता. अहवाल १९३१ साली आला. कायदा होण्यास १९४० साल उजाडले.

कायद्याची वाट न पाहता ज्यांनी शिक्षणास हात घातला, ते महादेव लाल श्रॉफ. त्यांचा जन्म १९०२ साली दरभंगा येथे झाला. अमेरिकेत रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या विद्यापीठात १९३२ साली त्यांनी औषधी रसायन हा विषय सुरू केला. १९३७ साली तेथे या शास्त्राचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम उभा राहिला. १९३९ साली त्यांनी या विषयाचे नियतकालिकही काढले. ज्या व्यवसायास लोक दुकानदारी समजत, त्यास विद्येचे स्थान मिळवून देण्याचा हा खटाटोप होता. पदवी घेऊन करावयाचे काय, असा प्रश्न त्या वेळच्या पालकांस पडला असल्यास नवल नाही.

ज्या १९३७ साली काशीस पदवी सुरू झाली, त्याच वर्षी अमेरिकेत एक भयंकर घटना घडली. सल्फानिलमाइड हे नवे जंतुनाशक औषध मुलांना पिता यावे म्हणून पातळ करावयाचे होते. ते पाण्यात नीट विरघळेना, तेव्हा एका कारखान्याने डायएथिलीन ग्लायकॉल हा गोड, दाट द्रव वापरला. चव पाहिली, वास पाहिला. विषारीपणा कोणी तपासला नाही. हा द्रव मूत्रपिंडे निकामी करतो. शंभराहून अधिक माणसे, त्यांत कित्येक मुले, दगावली. आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरिनमध्ये हेच द्रव्य निघाले व चौदा रुग्ण मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. ग्लिसरिनही गोड आणि दाटच असते. डोळ्यांनी वा जिभेने फरक कळत नाही, तो प्रयोगशाळेतच कळतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फार्मसी कायदा झाला. नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज इतर कोणी रोग्यास औषध तयार करून देऊ नये, हे त्याचे मुख्य सूत्र. पण एका रात्रीत हजारो पदवीधर आणावयाचे कोठून? म्हणून पहिल्या नोंदवहीत निदान पाच वर्षे रुग्णालयात वा दवाखान्यात औषधे तयार केलेल्या कंपाउंडरांनाही स्थान देण्यात आले. ही तडजोड होती, परंतु शहाणपणाची होती. महाराष्ट्रात १९५७ साली मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघाले आणि पुढे ही महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली.

आज या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यास बारावी विज्ञान शाखेतून व्हावे लागते. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवेच; सोबत जीवशास्त्र किंवा गणित. सर्वांत जवळची वाट पदविकेची, म्हणजे डी.फार्म.ची : दोन वर्षांचे अध्ययन आणि पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचे असून, महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. गरिबाघरच्या मुलास ही सोय फार मोलाची आहे. त्यापुढे दोन वर्षांचे एम.फार्म. रुग्णालयात रोग्याच्या खाटेशेजारी राहून काम करण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यातील शेवटचे वर्ष उमेदवारीचे.

वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून इकडे येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यात कमीपणा नाही. मात्र रसायनशास्त्राचा कंटाळा असेल, तर ही वाट धरू नये. दुसरी गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. काही दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि ज्याचे ते आहे तो मनुष्य अन्यत्र असतो. चिठ्ठीवरील दोन औषधे एकमेकांशी जुळतात की नाही, हे भिंतीवरील चौकट पाहू शकत नाही.

पदविकेनंतर नोंदणीपूर्वी आणखी एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे नियम २०२२ साली करण्यात आले. काशीतील श्रॉफ यांचा विभाग आज तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे, आणि त्यांचा जन्मदिवस, ६ मार्च, देशभरच्या महाविद्यालयांतून फार्मसी शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.