मातीपासून मॅटपर्यंत : मल्लाची मेहनत, साधने आणि वैद्याचे कर्तव्य

चैत्र उजाडला की शिरूर व दौंड तालुक्यांत गावोगावच्या यात्रांना प्रारंभ होतो. सकाळी देवाची पालखी, सायंकाळी कुस्त्यांचा फड, हा घोड-भीमेच्या काठचा जुना परिपाठ आहे. नारळावरच्या लहानग्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत सारा गाव मातीभोवती बसून असतो. या फडात उतरणारा मल्ल यात्रेआधी वा नंतर आपल्यापैकीच एखाद्या वैद्याच्या दारी येतो. कुणाचा खांदा दुखावलेला असतो, कुणाला जांघेत दद्रु झालेला असतो, कुणाला ‘ताकद वाढविणारे’ औषध हवे असते, तर कुणाला तीन दिवसांत चार किलो वजन उतरवून हवे असते. या मागण्यांपैकी कोणती मान्य करावी आणि कोणती नम्रपणे पण ठामपणे नाकारावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

माती आणि मॅट

कुस्तीतील सर्वांत मोठे साधन म्हणजे ज्यावर ती खेळली जाते ती भूमी. तालमीचा हौदा तांबड्या मातीचा असतो. तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर इत्यादी द्रव्ये मिसळण्याची परंपरा आहे. मातीत पाय रुततो, गती मंदावते आणि पकड व दम यांची कसोटी लागते. मॅटवर चित्र पालटते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मॅट बारा मीटर लांबी-रुंदीची असते व लढतीचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असून मध्ये अवघा तीस सेकंदांचा विश्राम मिळतो. येथे चपळाई, पटात शिरण्याची गती आणि अल्पावधीत पुन्हा पुन्हा शक्ती प्रकट करण्याचे सामर्थ्य निर्णायक ठरते.

या भेदाचा अनुभव खाशाबा जाधवांइतका तीव्रतेने क्वचितच कुणी घेतला असेल. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटचा फारसा सराव नसताना सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व मॅट असे दोन्ही विभाग असतात आणि त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत होते. शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातील राक्षेवाडीच्या शिवराज राक्षे यांनी २०२३ मध्ये हा किताब मिळविला, तेव्हापासून आपल्या भागातील मुलांचा उत्साह वाढला आहे. म्हणून जो मल्ल केवळ यात्रेच्या फडावर न थांबता पुढे जाऊ इच्छितो, त्याने आठवड्यातील काही दिवस मॅटसाठी राखून ठेवावेत, असे आम्ही सुचवितो.

मेहनत : किती आणि केव्हा

जोर, बैठका, सपाट्या, दोरावरची चढण, फावड्याने हौदा उकरणे आणि गदा-मुद्गल फिरविणे ही तालमीची पूर्वापार मेहनत आहे. ती कालबाह्य झाली, असे आम्हांस वाटत नाही. गदा खांद्याभोवती फिरविताना स्कंध, पृष्ठ व कटी एकत्र कार्य करतात. ढाक किंवा कलाजंग लावताना नेमके हेच सामर्थ्य उपयोगी पडते. मात्र गदा निवडताना ईर्ष्या नको. कंबर न वाकविता, श्वास न रोखता दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा वेळा फिरविता येईल, तेवढ्याच वजनाची गदा नवशिक्याने घ्यावी. दोन्ही बाजूंची आवर्तने समान ठेवावीत, अन्यथा एका खांद्यावर अतिभार पडतो.

मात्रेविषयी आपले आचार्य निःसंदिग्ध आहेत. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळात व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून अल्प, असा वाग्भटांचा अभिप्राय आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, रक्तपित्त, कास, ज्वर व छर्दी उद्भवतात, असे चरकाचार्य सांगतात. आपल्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात यात्रांचा हंगाम नेमका चैत्र-वैशाखातील उन्हात येतो. लढती ग्रीष्मात आणि मेहनतीचा योग्य काळ हेमंत-शिशिरात, अशी ही विसंगती आहे. तिचे उत्तर नियोजनात आहे. दिवाळीपासून माघापर्यंत जड मेहनत करून बल साठवावे. वसंत सरताना मेहनतीचे प्रमाण घटवून डावांचा सराव वाढवावा. ग्रीष्मात केवळ पहाटेची, अल्प व चपळ मेहनत ठेवावी. लढतीच्या तोंडावर दुप्पट जोर काढणारा मल्ल फडात थकलेलाच उतरतो.

मेहनतीनंतरचे मर्दन हाही तिचाच भाग आहे. तिळतेलाचा अभ्यंग सर्वसाधारणपणे पुरेसा आहे. स्थूलतेकडे झुकणाऱ्या कफप्रकृतीच्या मल्लास उद्वर्तन अधिक हितकर ठरते. मात्र अंगाला तेलकट पदार्थ लावून मॅटवर उतरण्यास नियमांनी मनाई आहे, तेव्हा स्पर्धेच्या दिवशी अभ्यंग टाळावा.

लंगोट, बूट आणि कान

लहान साधनांकडे दुर्लक्ष झाल्याने मोठे नुकसान झालेले आपण नेहमी पाहतो. ओला लंगोट पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधणे, हे तालमीतील दद्रुप्रसाराचे प्रमुख कारण आहे. प्रत्येक मल्लाचे दोन लंगोट व स्वतःचा पंचा असावा, ते रोज धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि मॅट दररोज निर्जंतुक द्रावणाने पुसावी. त्वचेवर चट्टे असणाऱ्याने बरे होईपर्यंत जोडीशी लढू नये. वस्तादांनी हा नियम केला, तर आपली अर्धी चिकित्सा आपोआप होईल.

मॅटचे बूट पातळ तळाचे, टाच नसलेले व घोट्याला आधार देणारे असावेत. ते बाहेरच्या रस्त्यावर घालू नयेत. ‘वाढत्या पायाला’ म्हणून मुलास एक माप मोठे बूट घेऊन देण्याची काटकसर महागात पडते, कारण सैल बुटात पाय वळून घोटा मुरगळतो.

चुरगळलेला कान हा आपल्याकडे पैलवानाचा अलंकार मानला जातो. वस्तुतः तो उपेक्षित आघाताचा व्रण होय. घर्षणाने कानाच्या पाळीत रक्त साठते व तरुणास्थीचे पोषण खंडित होते. काही दिवसांत हे रक्त काढून दाबपट्टी बांधली नाही, तर कान कायमचा विद्रूप होतो. असा रुग्ण आल्यास केवळ लेप लावून परत पाठवू नये, तत्काळ शल्यतज्ज्ञाकडे न्यावे. सरावात कर्णरक्षक वापरण्याचा सल्ला प्रत्येक बालमल्लास द्यावा.

वजन उतरविण्याचा घातक हट्ट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वजनगट गाठण्यासाठी लढतीपूर्वी दोन-तीन दिवस पाणी तोडणे, उन्हात घोंगडी पांघरून धावणे, वाफ घेणे, रेचक घेणे हे प्रकार सर्रास चालतात. गेल्या हंगामात स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी एक सतरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. ओठ कोरडे, नाडी चंचल, उभे राहताच भोवळ. त्याची मागणी एकच होती, ‘एक जोरदार जुलाब द्या, किलोभर राहिले आहे.’ आम्ही त्याला औषध दिले नाही. पेया पाजून झोपविले व त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. त्याची ती स्पर्धा हुकली. तो आमच्यावर रागावला, पण पुढील वर्षी वरच्या गटात खेळला.

शास्त्रदृष्ट्या पाहता चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी क्षुधा, तृष्णा व श्रमश्वास हे तीन वेग हा मल्ल एकाच वेळी दडपीत असतो. क्षुधेच्या निग्रहाने कार्श्य, दौर्बल्य, अंगमर्द व भ्रम, तृष्णेच्या निग्रहाने कंठ व मुख यांचा शोष, श्रम आणि हृदयाच्या ठिकाणी व्यथा, तर श्रमश्वासाच्या निग्रहाने हृद्रोग व संमोह सांगितला आहे. अतिस्वेदनाने पित्तप्रकोप, मूर्च्छा, दाह व तृष्णा होतात. आधुनिक अनुभव याला दुजोराच देतो. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन महाविद्यालयीन मल्ल घाम काढून वजन उतरविताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. तेथील शालेय कुस्तीत आठवड्याला शरीरभाराच्या दीड टक्क्याहून अधिक घट मान्य नाही. म्हणजे साठ किलोच्या मुलाने आठवड्यात नऊशे ग्रॅमपेक्षा अधिक उतरू नये.

या हट्टातून लाभही हाती लागत नाही. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते व दुसऱ्या दिवशीच्या लढतींसाठी ते पुन्हा होते. त्यामुळे गमावलेले पाणी भरून काढण्यास अवकाशच उरत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट यांचे वजन पन्नास किलोपेक्षा अवघे शंभर ग्रॅम अधिक भरले आणि अंतिम लढतीपूर्वीच त्या अपात्र ठरल्या. मुलींच्या बाबतीत वारंवारच्या उपासमारीने रजःक्षय व अस्थिदौर्बल्य ओढवते, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

वजनगट हंगामाच्या आरंभी, शीतकाळातच ठरवावा. वाढत्या वयाच्या मुलास सहसा वरचा गट द्यावा. खुराकाची मात्रा अग्नीवर ठरवावी. शेजारच्या मल्लाचा खुराक हे तिचे माप नव्हे. दूध, तूप, बदाम, अंडी, मांसरस हे सारे पचले तरच बल देतात, अन्यथा अजीर्ण व आम यांचेच पोषण होते.

औषध देताना सावधान

राज्य व राष्ट्रीय स्तरावरील मल्लांची उत्तेजक-चाचणी होऊ शकते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम २०२२ मध्ये संमत झाला आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असे तत्त्व असल्याने ‘वैद्यांनी दिले’ हा बचाव टिकत नाही. म्हणून आपण आपल्याच औषधिपेटीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्ट्रिक्निन आहे, आणि ते कुचल्यात असते. अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी यांत कुचला आहे. सोमलता म्हणून वापरल्या जाणाऱ्या एफेड्रा वनस्पतीतील एफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. जातिफलादि चूर्णातील भांग व कर्पूर रसातील अहिफेन यांनाही हाच दोष लागतो. यात्रेतील भांगमिश्रित थंडाईचा अंश तर शरीरात कित्येक दिवस राहतो. मूत्रल गोळ्या सदैव निषिद्ध आहेत. रुग्णालयीन उपचारासारखे मान्य अपवाद वगळता बारा तासांत शंभर मिलिलिटरहून अधिक सलाइन शिरेतून देणेही निषिद्ध आहे. वजन झाल्यावर ‘एक बाटली लावा’ म्हणणाऱ्यास हे सांगणे आपले कर्तव्य आहे. निनावी पुड्यांतून विकल्या जाणाऱ्या बलवर्धक चूर्णांपासून तर मल्लास कटाक्षाने दूर ठेवावे, कारण अशा चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ असू शकते.

सभासदांना आमची विनंती अशी की, प्रत्येकाने आपल्या गावातील एका तालमीशी नाते जोडावे. मार्गशीर्षात एकदा व चैत्रापूर्वी एकदा मल्लांची तपासणी करावी. वजन, नाडी, त्वचा, कान व सांधे पाहून नोंदवही ठेवावी. रुग्ण आल्यास, ‘तुम्ही स्पर्धेत खेळता काय?’ हा प्रश्न औषध लिहिण्यापूर्वी विचारावा. आचार्यांनी व्यायामास दिनचर्येत स्थान दिले ते आरोग्यासाठी. मल्ल फडातून जिंकून वा हरून परतला, तरी तो धडधाकट परतावा, एवढी दक्षता वैद्याने घेतलीच पाहिजे.