नटराजाच्या चरणाखालील अपस्मार

माघ वद्य चतुर्दशीच्या रात्री शिवालयांतून रुद्रघोष निनादू लागला, की भाविकांचे चित्त शिवचरणी लीन होते. नटराजाच्या मूर्तीत त्या चरणाखाली एक खुजी आकृती दिसते. तिचे नाव मात्र थोड्यांसच ठाऊक असते. तो अपस्मारपुरुष होय. महादेवाने त्याचा वध केला नाही, त्यास पायाखाली दाबून ठेवले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

याच नावाच्या व्याधीस आपण फेफरे किंवा आकडी म्हणतो. चरकसंहितेत तिचे निदान व चिकित्सा सांगणारे स्वतंत्र अध्याय आहेत. तरीही तिला बाहेरची बाधा समजून कांदा वा चप्पल हुंगविण्याची रीत चालत आली. मुलीचे लग्न मोडू नये म्हणून औषधेही लपविली गेली. हिंदू विवाह कायद्यात विवाहास अपात्र ठरविणारा अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ साली वगळण्यात आला. मनातील भीती मात्र पुरती गेलेली नाही.

जगात सुमारे ५ कोटी लोकांस हा विकार आहे. योग्य औषधोपचार मिळाल्यास शंभरांतील सत्तर जणांपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. उरलेल्यांचे काय? शिवाय, पट्टकृमीची अंडी अन्नपाण्यातून पोटात जाऊन त्यांच्या अळ्या मेंदूत ठाण मांडतात, हे आपल्या देशातील अपस्माराचे एक प्रमुख कारण आहे. न धुतलेल्या भाजीमुळे शाकाहारी घरेही त्यातून सुटत नाहीत. आपल्या मातीतील कारणांचा शोध आपल्यालाच घ्यावा लागेल.

अशा शोधास प्रथम सत्य हवे. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे १४,००० लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्या कुटुंबांनी दार उघडले, म्हणूनच दर हजारी सुमारे चार जणांस हा विकार असल्याचे समजले.

सत्यामागोमाग द्रव्य हवे. पवई तलावाकाठच्या आय.आय.टी.त माजी विद्यार्थी रोमेश वाधवानी यांच्या देणगीतून जैवअभियांत्रिकीचे संशोधन केंद्र उभे राहिले. २०२३ साली नंदन निलेकणी यांनी त्याच संस्थेस ३१५ कोटी रुपये दिले. ही दाने केवळ अपस्मारासाठी नव्हेत. परंतु विद्यामंदिरही दानास सत्पात्र असते, हे त्यांनी दाखवून दिले. खास अपस्मारासाठी झटणारी माणसेही आहेत. अमेरिकेत शिकागोच्या सुझन अ‍ॅक्सलरॉड यांच्या लेकीचे झटके औषधांनी थांबेनात. या मातेने ते दुःख लपविले नाही. १९९८ साली इतर पालकांसह तिने संशोधनासाठी निधी उभारणारी संस्था स्थापिली. आपल्या मुंबईत डॉ. निर्मल सूर्य यांची एपिलेप्सी फाउंडेशन २००९ पासून रुग्णांसाठी कार्य करीत आहे.

लपविलेल्या व्याधीस दाता मिळत नाही, हाच या साऱ्याचा बोध. भोळा शंकर एका बिल्वदलानेही संतुष्ट होतो. तेव्हा या पर्वकाळी यथाशक्ती काढलेल्या दानातील अल्पसा अंश रुग्णालयाच्या वा विद्यासंस्थेच्या संशोधननिधीस द्यावा. आणि आपल्या घरात हा विकार असल्यास तो संकोच न धरता वैद्यांस सांगावा. शिवाने अपस्मारास चरणाखाली दाबून धरले आहे. त्याचे मूळ शोधण्याचे कार्य मात्र त्याने मानवाच्या बुद्धीवर आणि औदार्यावर सोपविले आहे.