क्ष-किरणांतून दिसलेला नवतारा

मोडलेल्या हाडाचे छायाचित्र घेण्यासाठी इस्पितळात वापरले जाणारे क्ष-किरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. आकाशातील काही तारेही हे किरण बाहेर टाकतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मी कला शाखेचा पदवीधर. खगोलशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, विझलेला तारा पुन्हा पेटतो का?" त्या प्रश्नाने मला जे वाचावयास लावले, त्याचे हे सार.

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन सरले की त्याचे बाहेरचे थर अवकाशात विखुरतात आणि मागे एक लहानसा, तप्त गाभा उरतो. त्यास श्वेत बटू असे नाव आहे. आकार पृथ्वीएवढा, पण वस्तुमान सूर्याएवढे! त्यातील चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. व्याधाच्या तेजस्वी ताऱ्याचा असा एक सोबती १८६२ साली दुर्बिणीतून प्रथम दिसला. एकटा श्वेत बटू हळूहळू निवत जातो. पण त्याच्या जवळ दुसरा तारा फिरत असेल, तर त्या शेजाऱ्याचा वायू तो आपल्याकडे खेचून घेऊ लागतो. हा वायू सरळ खाली पडत नाही. मोरीतून जाणारे पाणी जसे भोवरा करून जाते, तसा तो बहुधा भोवती चकती करून फिरत फिरत आत शिरतो.

या पडण्यात शक्ती किती असते? आपल्या जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा पाहा. घटप्रभेचे पाणी तेथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. त्याच पाण्याच्या बळावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सूतगिरणीची यंत्रे फिरू लागली. तरीही त्या उडीची सगळी शक्ती उष्णतेत उतरली, तर पाणी अंशाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याने तापेल. आता सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या श्वेत बटूकडे वळू. त्यावर पडणारा वायू सेकंदाला सहा हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने आदळू शकतो. एका ग्रॅम वायूच्या पतनातून सुमारे सहा हजार युनिट विजेएवढी शक्ती मोकळी होते; महिना शंभर युनिट जाळणाऱ्या घरास ती पाच वर्षे पुरावी. लोहाराच्या भट्टीतील लोखंड आधी तांबडे, मग पांढरे होते. तापमान कोटी-कोटी अंशांवर गेले, की त्या प्रकाशाचे रूपच क्ष-किरणांचे होते. म्हणून असे किरण आले की समजावे, तेथे काहीतरी विलक्षण तापलेले आहे.

परंतु हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरण ते शोषून घेते. (आपल्या दृष्टीने हे बरेच आहे!) मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६८ साली हैदराबादहून मोठ्या फुग्यांतून उपकरणे वर धाडली, ती याच कारणाने. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा भारतीय उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरील कक्षेत गेला. त्यावरील मृदू क्ष-किरणांची दुर्बीण टाटा संस्थेत घडली. तिच्या कॅमेऱ्याच्या कामी इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचा हातभार होता. साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पडले तर ते त्यातच जिरतात. तळ्यात चपटा खडा अगदी तिरका भिरकावला म्हणजे तो न बुडता टप्पे घेत जातो ना? त्याच रीतीने सोन्याचा मुलामा दिलेल्या, एकात एक बसविलेल्या पातळ आरशांना घसटून हे किरण पुढे एकत्र आणले जातात. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या कामात पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचाही मोठा वाटा आहे. तिचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्म निपाणीहून हाकेच्या अंतरावरील कोल्हापूरचा, हे आपल्या भागातील मुलांनी जाणून असावे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. २०१९ चा ऑगस्ट आपल्याकडे कोणी विसरणार नाही. वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा यांनी गावेच्या गावे पाण्याखाली घेतली होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेस धनू राशीत 'व्ही ३८९० सॅजिटारी' नावाचा तारा एकाएकी उजळला. येथे श्वेत बटूचा शेजारी म्हणजे एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा. त्याचा वायू बटूच्या पृष्ठावर साठत राहतो आणि पुरेसा साठला की हायड्रोजन बाँबसारखा स्फोट होतो. हाच नवतारा. त्याचा हा नोंदलेला तिसरा स्फोट. दुसरा १९९० साली झाला होता, आणि १९६२ चा पहिला तर पुढे जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासताना सापडला.

स्फोटानंतर आठव्या दिवशी, म्हणजे आपल्या घरोघरी गौरी-गणपतीची धांदल चालू असता, अ‍ॅस्ट्रोसॅटची दुर्बीण त्याच्याकडे वळली. प्रथम केवळ तीव्र क्ष-किरण दिसले. स्फोटाने फेकलेला वायू राक्षसी ताऱ्याभोवतीच्या वायूवर आदळत होता, त्याचे ते किरण. नंतर ८.५७ व्या दिवशी अतिमृदू क्ष-किरणांची पहिली, क्षीण चाहूल लागली. स्फोट ओसरला तरी श्वेत बटूच्या पृष्ठावर उरलेले इंधन जळतच होते, आणि वरचे आवरण विरळ होताच ती आग दिसू लागली. पुढे सुमारे सतराव्या दिवशी हे मृदू किरण एकदम मंदावले व पुन्हा उजळले. तीव्र किरण मात्र त्या वेळी जसेच्या तसे राहिले. यावरून बदल बाहेरच्या टकरीत नसून बटूपाशीच घडला, असे अनुमान निघते. मला या निरीक्षणातील हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. डोळ्यांना नुसता एक उजळ ठिपका दिसतो, आणि क्ष-किरणांत त्याच ठिपक्यातील दोन निराळ्या घटना वेगळ्या होतात.

ती आग इतक्या लवकर दिसणे हे श्वेत बटू फार जड असल्याचे लक्षण मानतात. येथेच खरा प्रश्न उभा राहतो. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड श्वेत बटू टिकू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणीच गणिताने दाखविले होते. मग दर स्फोटात हा तारा साठविलेले सर्व द्रव्य उधळून देतो, की थोडे गाठीशी ठेवतो? ठेवीत असेल, तर केव्हातरी ती मर्यादा गाठली जाईल. त्याच्या पोटात कार्बन व ऑक्सिजन असतील, तर त्या वेळी संपूर्ण ताऱ्याच्याच ठिकऱ्या उडतील. जमाखर्चाचा हा हिशेब अद्याप कोणासही निःसंशय जुळविता आलेला नाही. उरलेले इंधन किती वेळ जळते, हे पाहणे त्या हिशेबातील एक महत्त्वाची रक्कम होय.

आमच्या घरी कोकणीत ताऱ्याला 'नखेत्र' म्हणतात, आणि हा तारा खरोखरच पूर्वाषाढा नक्षत्राच्या शेजारी आहे. श्रावणात ढग फाटले म्हणजे रात्री दक्षिणेकडे ती जागा दिसते. तेथे नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. मागील दोन्ही अंतरे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची आहेत. तोच क्रम राहिला, तर पुढील स्फोट २०४८ च्या सुमारास व्हावा. तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी तेव्हा माझ्या आजच्या वयाची असेल.