मका मळणी यंत्र दाणे फोडतेय? पाना हातात घेण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या सुमारास कोपरगाव, राहाता, संगमनेर पट्ट्यात मक्याची मळणी सुरू होते. अहिल्यानगर हा दुधाचा जिल्हा. त्यामुळे काही मका हिरवाच मुरघासाला जातो. दाण्यासाठी ठेवलेल्या मक्याची कणसे मात्र मजूर हाताने खुडतात आणि ती ट्रॅक्टरवरच्या थ्रेशरमध्ये पडतात. नेमके तेव्हाच जुने यंत्र कुरकुरायला लागते. आभाळ भरून आलेले असते, खळ्यावर ढीग असतो आणि भाड्याच्या यंत्राचा नंबर चार दिवसांनी असतो.

दोष यंत्राचा की कणसाचा?

कणसाला दाणे चिकटून राहत असतील, तर आधी ओल बघा. मळणीच्या वेळी दाण्यात साधारण 15 ते 20 टक्के ओलावा असावा. मीटर नसेल, तर कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे दाणे आणि चिमूटभर कोरडे मीठ टाकून चांगले हलवा. मीठ काचेला चिकटले, तर माल अजून ओला आहे. पूर्ण अचूक नसली, तरी खळ्यावर पुरेशी उपयोगी पडणारी ही युक्ती आहे. फार ओल्या कणसांना दोन दिवस ऊन दिले, की यंत्राची अर्धी तक्रार मिटते.

दाणे का फुटतात?

बहुतेक वेळा ड्रम गरजेपेक्षा जोरात फिरत असतो. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला 540 फेरे. काम लवकर उरकावे म्हणून ट्रॅक्टरची रेस वाढवली, की दाणा फुटलाच. जुन्या यंत्रात आणखी एक गोम असते: आधीच्या मालकाने पुली बदललेली असते. ड्रमवरची पुली मूळ मापापेक्षा लहान बसवली, तर ट्रॅक्टर ठरलेल्या वेगावर असूनही ड्रम जास्त पळतो. यंत्रावरची पट्टी किंवा माहितीपुस्तिका पाहून माप जुळवा.

वेग बरोबर असेल, तर ड्रम आणि खालची जाळी यांतील अंतर पाहा. ते कमी असेल तर दाणे फुटतात, जास्त असेल तर कणसे अर्धवट सोललेली बाहेर येतात. अंतर दोन्ही टोकांना सारखे हवे. बेअरिंग झिजले, की ड्रम एका बाजूला बसतो.

ड्रमवरचे झिजलेले दाते बदलताना समोरासमोरची जोडी बदला, वजनही सारखे ठेवा. एकच नवा जाड दाता वेल्डिंग करून बसवला, तर तोल जातो आणि सगळे यंत्र थरथरते. मग बेअरिंगही टिकत नाही.

भुशात दाणे, दाण्यात कचरा

दाणे भुशासोबत उडत असतील, तर पंख्याची हवा कमी करा. कचरा राहत असेल, तर चाळणी तुंबली आहे का आणि पट्टा घसरतोय का ते बघा. जळका वास आणि पट्ट्यावरची चकाकी ही घसरण्याची खूण. एका पुलीवर दोन-तीन पट्टे असतील, तर सगळे एकदम बदला. नव्या-जुन्याची जोडी जमत नाही, सगळा ताण नव्यावरच येतो.

हात सांभाळा

अडकलेले कणीस काढायला चालू यंत्रात हात घालणे, हीच सर्वांत महागडी चूक. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, ड्रम पूर्ण थांबलेला. त्यानंतरच झाकण उघडावे. थ्रेशरमुळे हात गमावण्याच्या घटना वाढल्या म्हणून केंद्राने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला. भारतीय मानकानुसार कणसे सोडण्याची चाडी किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातला 45 सेंटीमीटर भाग झाकलेला हवा. जुन्या यंत्रांची चाडी कापून आखूड केलेली दिसते. दुरुस्तीत पहिला खर्च तिथे करावा. पीटीओ शाफ्टवर आवरण नसेल, तर तेही बसवून घ्या. सैल सदरा, उपरणे, साडीचा पदर यंत्रापासून दूरच.

भावाशी संबंध काय?

2025-26 साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला 2400 रुपये आहे, पण खरेदीसाठी ओलावा 14 टक्क्यांच्या आत लागतो. म्हणजे मळणीनंतरही वाळवण आलेच. फुटलेल्या दाण्याला बुरशी आणि किडे लवकर लागतात आणि व्यापारी त्यावर बोट ठेवून भाव पाडतो.

वेग आणि अंतर जमवूनही जमत नसेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करता येते. जाताना फुटलेल्या दाण्यांचा नमुना आणि पुलीचे माप सोबत न्या.