पायाखालचा खडक, नळातले पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोशीजवळच्या एका सोसायटीत उन्हाळ्यात तिसरी बोअर घेतली जात होती. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. साडेतीनशे फुटांपर्यंत नुसता करडा भुगा वर आला. तेव्हा एका सभासदाने मला विचारले, "सर, तुमचे भूशास्त्र म्हणजे दगडांची नावेच ना? इथे त्याचा काय उपयोग?"

हा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक खडक, पाणी, हवा आणि समुद्र यांचा आपसातला व्यवहार शोधणाऱ्या अनेक शास्त्रांचे हे एक कुटुंब आहे. ती कोरडी बोअरच उदाहरण म्हणून घेऊ.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचे कारखाने ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत, तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झाला. वाळूत मुरते तसे पाणी त्यात मुरत नाही. ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात साठते. भेग चुकली, की कितीही खोल गेले तरी हाती भुगाच येतो. हे भूविज्ञान सांगते.

पण मुरमात पाणी येते कुठून? अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्री चढताना बराचसा पाऊस घाटमाथ्यावरच रिता करतात. लोणावळ्याच्या पाव हिस्साही पाऊस चाकणला पडत नाही. इथे समुद्रविज्ञान आणि हवामानशास्त्र आले. घाटाकडचे हेच पाणी पवना धरणात साठते, नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून शहराच्या नळांत. आपल्या अंगणात पडलेल्या पावसापैकी मुरले किती आणि वाहून गेले किती, हा हिशेब जलविज्ञानाचा. शेड, डांबर आणि काँक्रीट वाढले, की मुरण्याची बाजू घटत जाते.

केंद्र सरकारनेही २००६ साली हवामान, समुद्र आणि भूकंप हे विषय एकत्र आणून पृथ्वी विज्ञान मंत्रालय स्थापन केले, ते या नात्यामुळेच.

त्या सभासदांना मी एवढेच म्हणालो, "चौथी बोअर घेण्याआधी छतावरचे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडा. खाली भेगा कुठे आहेत ते भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्या आणि खड्ड्याची जागा त्यावरून ठरवा." साडेतीनशे फूट खाली जे पाणी आपण शोधत होतो, ते दर पावसाळ्यात आपल्याच गच्चीवरून गटारात जात होते.