कुत्र्याचा कान सारखा वाहतो? रोग पडद्यामागे असेल

आपल्या वस्तीत बऱ्याच घरांच्या दारात एखादा कुत्रा असतोच. मुलांबरोबर वाढतो, रात्री गल्ली राखतो. कधीतरी त्याचा कान वाहू लागतो, घाण वास येतो, तो मान झटकतो, कान भिंतीला घासतो. आपण मेडिकलमधून थेंब आणतो. आठ दिवसांत कान सुकतो आणि महिन्याभरात पुन्हा वाहतो. तीन-चार वेळा असे झाले की “याचा कानच तसला” म्हणून आपण सोडून देतो. पण औषध संपताच परतणारा रोग बहुधा आणखी आत दडलेला असतो.

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. त्यामुळे ओल आणि मळ आत साचतो. वळणापलीकडे कानाचा पडदा आणि त्यामागे हाडाची पोकळ डबी असते. हा मधला कान. बाहेरच्या नळीत पू फार दिवस राहिला की पडदा झिजतो, फाटतो आणि जंतू डबीत शिरतात. पुढे पडदा भरूनही येतो, पण पू आत कोंडून राहतो. थेंब तिथवर पोहोचत नाहीत. सहा महिन्यांहून जास्त काळ कान वाहणाऱ्या कुत्र्यांत मधला कान बिघडलेला सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यातल्या कित्येकांचा पडदा वरून शाबूत दिसतो.

पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका:
• मान एका बाजूला कलते, चालताना तोल जातो.
• एका बाजूचा ओठ लोंबतो, त्या बाजूच्या डोळ्याची पापणी मिटत नाही किंवा खाली पडते.
• कडक भाकरी चावताना, तोंड उघडताना दुखते.
• हाक मारली तरी ऐकू येत नाही.
• डोक्याला हात लावताच अंगावर येतो.

शेवटच्या खुणेवरून कुत्र्याला “पिसाळला” म्हणून काठीने मारतात. तो बिचारा दुखण्याने कळवळत असतो. पण जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, वागणे अचानक बदलते, असे असेल तर रेबीजचा धोका धरावा. तोंडात हात घालू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकांना कळवावे. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

निदान कसे होते? डॉक्टर आधी दुर्बिणीने कान पाहतात. कान सुजलेला असेल तर पडदा दिसतच नाही. म्हणून भूल देऊन सलाइनने कान धुतात आणि मग पडदा तपासतात. पडदा फुगलेला, काळवंडलेला असेल तर त्याला बारीक छिद्र करून आतला स्राव घेतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कोणते औषध लागू पडेल याची चाचणी करतात. एक्स-रेमध्ये डबीचे हाड दिसते, पण सुरुवातीचा रोग त्यात सुटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये तो जास्त स्पष्ट कळतो. कान मुळात का बिघडला, हेही शोधावे लागते: ॲलर्जी, गोचीड, कानातले बारीक किडे की आत गेलेले गवताचे कुसळ?

घरी गरम तेल, रॉकेल, स्पिरिट किंवा माणसाचे थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधे आतल्या कानाला इजा करतात आणि कायमचा बहिरेपणा येतो. कापसाची काडीही नको. तिने मळ आणखी आत ढकलला जातो.

आधी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जा. कान कितीदा वाहिला, कोणती औषधे दिली, हे कागदावर लिहून न्या आणि “मधला कान तपासायला हवा का?” असे थेट विचारा. मोठ्या तपासणीसाठी सातारा जिल्ह्यातच, खंडाळा तालुक्यात, शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याच्या सिव्हिललाही हेच नाव आहे, घोळ करू नका. निघण्यापूर्वी तपासणीचे दिवस आणि खर्च विचारून घ्या.

मुलांच्या कानाचेही असेच आहे. मुलाचा कान वारंवार फुटत असेल, वासाचा पू येत असेल तर पडद्यामागे हाड कुरतडणारा रोग असू शकतो. मुलाला साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये किंवा सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा.

पंचशील आपण रोज म्हणतो. दारातल्या मुक्या जिवाचे दुखणे वेळेत ओळखणे हे त्यातल्या पहिल्या शीलाचेच पालन आहे.

जय भीम!