कॉफीच्या चोथ्याचं खत? जरा थांबा

अमरावतीकर-अकोलेकरांना कॉफीची झुडपं पाहायला कुर्ग गाठावं लागत नाही. मेळघाटात, सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला ती इंग्रजांच्या काळापासून आहेत. ‘कॉफीच्या झाडात विष असतं, आजूबाजूला ती काही उगवू देत नाही’, हे तिच्याबद्दल सर्रास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. आपल्याकडे कॉफी वाढते तीच मुळी मोठ्या झाडांच्या सावलीत. विष एवढं जहाल असतं, तर ही सावली कधीच वाळून गेली असती.

विष म्हणतात ते मुख्यतः कॅफीन. ते पानांत, फळांत असतं आणि बियांतही. अरेबिकाच्या बीत साधारण १.२ टक्के, रोबस्टाच्या बीत जवळपास दुप्पट. पाला कुजला, पाऊस झाला की ते मातीत उतरतं. पेशी दुभंगताना मधली भिंत उभी राहू न देणं हा त्याचा गुण, त्यामुळे फटका बसतो तो रुजणाऱ्या बीला आणि कोवळ्या मुळाच्या टोकाला. वाढलेल्या झाडाला त्याची फारशी तमा नसते. शिवाय मातीतले जिवाणू कॅफीन खातात, म्हणून प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत दिसतं तेवढं शेतात दिसेलच असं नाही.

सगळ्या वनस्पती सारख्याच दबतात, हेही खरं नाही. १९८०च्या सुमारास गोरखपूरच्या संशोधकांनी कॅफीन तणांवर आणि पिकावर वापरून पाहिलं. काटेमाठाचं बी रुजेना, उडदाला मात्र काही झालं नाही. उडीद पेरणाऱ्या वऱ्हाडाने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण म्हणून कोणी कॉफीचं तणनाशक करायला बसू नये.

मग कॉफीचं स्वतःचं बी कसं रुजतं? मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. रुजताना त्याच्या मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबलेलं असतं. आधी कोंबाचा खालचा दांडा लांबतो, मुळाचं टोक कॅफीनने भरलेल्या बीपासून दूर ढकलतो, आणि मगच विभाजन सुरू होतं.

आता चोथ्याकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक घरांत इन्स्टंट कॉफी, तिचा चोथा उरतच नाही. पण कॅफेतून तो पिशवीभर आणून कुंड्यांत टाकणारे आहेत. २०१६मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ताजा चोथा थेट मातीत मिसळून ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशी रोपं वाढवली. सगळ्यांची वाढ खुंटली, वरून खत देऊनही. तण कमी झालं आणि मातीत पाणी जास्त टिकलं, एवढाच फायदा.

‘चोथा आम्लधर्मी असतो, आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला बरा,’ असंही सांगतात. कॉफी गाळताना आम्लं बरीचशी कपात उतरतात, चोथा तेवढा आम्लधर्मी उरेलच असं नाही. वरूड-मोर्शीकडे चुनखडीमुळे संत्र्याची पानं पिवळी पडली, तर त्याचा इलाज कॅफेत मिळणार नाही.

चोथा फेकायचाही नाही. पालापाचोळा आणि शेणात मिसळून काही महिने पुरता कुजू द्यावा, मग वाढलेल्या झाडांना घालावा. मेथी-कोथिंबिरीच्या ताज्या वाफ्यात मात्र नको.